आप्पांचं मोरचूद आणि माझे मासे

मी लॅब टेक्निशियन आहे. डोंबिवलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सोळा वर्षं रक्त, लघवी, थुंकी बघते आहे. "केमिस्टने दिल्या दोन गोळ्या, घेतल्या" असं सांगणारा पेशंट समोर आला की मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेते. आणि तरीही गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या जुलैत, एका शुक्रवारी संध्याकाळी मी दुकानदाराने दिलेली निळी बाटली पिशवीतून काढली आणि चार फुटी टाकीत ओतून मोकळी झाले. माशाच्या अंगावर नेमकं काय आहे ते न बघता. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे मी बरंच शहाणपण सांगणार आहे.

आमच्या हॉलमधली टाकी खाऱ्या पाण्याची आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, "पाणी समुद्रातनं आणता का?" नाही हो. आरओचं पाणी आणि तयार सागरी मीठ, लिटरला साधारण 35 ग्रॅम. प्रवाळ नाहीत. दगडी प्रवाळ आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे कोणी "जिवंत कोरल आहे, हवं का" असं कानात कुजबुजलं तरी आपण पुढे चालायला लागायचं. माझ्याकडे सिरॅमिकचे दगड, खाली चुनखडीची पांढरी वाळू, दोन क्लाउन मासे, डॅमसेल जातीची एक निळी-पिवळी मासोळी, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक क्लीनर कोळंबी आणि काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या सहा गोगलगायी. दोन वर्षं सगळं सुरळीत चालू होतं. सुरळीत चाललं की माणसाला खाज सुटते.

मला पावडर ब्लू टँग हवा होता. आपल्याच हिंदी महासागरातला मासा. अंग आकाशी, तोंड काळं, हनुवटी पांढरी आणि पाठीवर पिवळाजर्द पर. पांढरे ठिपके पडण्याच्या बाबतीत हा मासा बदनाम आहे, हेही मला माहीत होतं. सहा जुलैला रविवार होता, मी कुर्ल्याला माशांच्या बाजारात गेले आणि घेऊन आले. त्या दिवशी आषाढी एकादशी होती हे दारात सासूबाईंचा चेहरा बघितल्यावर लक्षात आलं. आई माळकरी आहेत. "आज पंढरीत टाळ वाजतायत आणि तू बाजारातून मासा आणलास," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, खायला नाही आणला, सांभाळायला आणलाय." त्यावर त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि "दिसायला बरा आहे" म्हणाल्या. विषय मिटला.

क्वारंटाइनची दोन फुटी टाकी माळ्यावर होती. तिच्यात दिवाळीचे कंदील भरून ठेवलेले. पाऊस होता, लोकलमध्ये दीड तास उभी राहून आले होते, पिशवीतलं पाणी गार पडत चाललं होतं. आता कुठे कंदील काढत बसायचं, म्हणून टँग थेट मोठ्या टाकीत सोडला. सगळ्या कथेतली चूक ती ही. बाकीच्या चुका हिच्याच पोरी.

शुक्रवारी त्याच्या परांवर चार-पाच पांढरे कण दिसले. बारीक मिठाचे दाणे चिकटावेत तसे. फोटो काढून दुकानदाराला पाठवला. "व्हाइट स्पॉट आहे मॅडम, बाटली देतो, डोळे झाकून टाका." बाटलीत मिथिलीन ब्लू. टाकी तीन दिवस नीळ घातलेल्या बादलीसारखी दिसत होती. सोमवारी सकाळी बघते तर ठिपके गायब. एकही नाही! मी दुकानदाराला हात जोडलेला इमोजी पाठवला. काचेच्या जोडावरच्या सिलिकॉनला बसलेला निळा डाग अजून गेलेला नाही. तो बघितला की तो इमोजी आठवतो.

त्या बाटलीने काहीही केलेलं नव्हतं. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा हा एकपेशीय जीव माशाच्या कातडीखाली घुसून खात बसतो, तीन ते सात दिवस. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे पोट भरत असलेला परजीवी. पोट भरलं की तो आपणहून माशाला सोडतो, बहुतेकदा अंधारात, तळाला जातो आणि स्वतःभोवती कवच करून बसतो. ठिपके जातात, आपण पेढे वाटतो. कवचाच्या आत त्याचे तुकडे होत असतात, एकाचे दोनशे-तीनशेही. बहुतेक कवचं तीन दिवस ते चार आठवडे या मुदतीत फुटतात. त्यातून निघणाऱ्या पोरांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. समुद्रात बहुतेकांना सापडत नाही. चार फुटांच्या काचेत सगळ्यांना सापडतो.

वीस तारखेला टँगच्या अंगावर ठिपके मोजायची सोय राहिली नाही. रव्यात घोळलेल्यासारखा दिसत होता.

पण या वेळी मला जास्त भीती ठिपक्यांची वाटली नाही, श्वासाची वाटली. आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही गोष्ट मला कोणी आधी सांगायला हवी होती. आपण मासा आजारी आहे का हे त्याच्या अंगावर शोधतो. पण कातडीपेक्षा आधी मार खातात ते कल्ले. कातडी स्वच्छ दिसत असतानाही कल्ल्यांत परजीवी भरलेले असू शकतात. मग मासा पंपाच्या धारेत तोंड धरून राहतो, कल्ल्यांची झाकणं भराभर हलतात, कधी एकच बाजू हलते. घड्याळ लावून पंधरा सेकंद झाकणं मोजायची आणि चारने गुणायचं. माझी मोठी क्लाउन शांत असताना मिनिटाला 80 च्या आसपास असते. हा आकडा तुमच्या माशाला लागू होईलच असं नाही, म्हणून तर मासा धडधाकट असतानाच मोजून वहीत लिहून ठेवायचा. माझ्या वहीत तेव्हा एकही आकडा नव्हता. वीस तारखेला ती 130 वर होती आणि हे जास्त आहे एवढंच कळत होतं, किती जास्त ते नाही.

एक जुनी जखमही होती. दोन वर्षांपूर्वी माझी पहिली क्लाउनची जोडी तीन दिवसांत गेली होती. तेव्हाही मी "पांढरं दिसतंय" म्हणून ठिपक्यांचा रोग समजले. पण तो दाणा नव्हता, साय होती. अंगावरून ओल्या टिश्यू पेपरसारखे पापुद्रे सुटत होते. तो ब्रुकलिनेला नावाचा दुसराच परजीवी, समुद्रातून पकडून आणलेल्या क्लाउनचा नेहमीचा काळ. मी तेव्हा तांब्याचं औषध दिलं होतं आणि ब्रुकलिनेलावर तांबं चालत नाही. त्याला फॉर्मॅलिन लागतं. आता गंमत म्हणजे माझ्या लॅबमध्ये फॉर्मॅलिनचा कॅन टेबलाखालीच असतो. पण ते बायॉप्सीचे तुकडे ठेवायचं 10 टक्क्यांचं, फॉस्फेट घातलेलं. माशांच्या डोसांचे आकडे 37 टक्क्यांच्या फॉर्मल्डिहाइडवर बेतलेले असतात. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच. नाव वाचून डोस ठरवणाऱ्याचं काय होतं ते आम्ही लॅबवाले रोज बघतो.

त्या जोडीनंतर माझे आत्ताचे दोन्ही क्लाउन मी पैदाशीचे घेतले. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनची पैदास आपल्याकडे करून दाखवली आहे, त्यामुळे समुद्र ओरबाडायची गरज उरलेली नाही, आणि हे मासे जन्मापासून गोळी-दाणा खायला शिकलेले असतात.

तर तेवीस तारीख, बुधवार. पहाटे साडेपाचला उठले तेव्हा टँग मागच्या कोपऱ्यात आडवा पडला होता. झाकणं हलत होती, अगदी सावकाश. बादलीत घेतला आणि माझ्यासमोरच थांबला. रडायला वेळ नव्हता. मासा मेला की परजीवी त्याला सोडून जातात, हातात मिनिटंच असतात. लॅबमधून मोडीत काढलेला एका डोळ्याचा मायक्रोस्कोप माझ्याकडे घरी आहे. कात्रीने कल्ल्याचा तांदळाएवढा तुकडा कापला, स्लाइडवर ठेवला आणि हात सवयीने सलाइनच्या ड्रॉपरकडे गेला. सोळा वर्षांची सवय. तिथेच थांबले. आपलं नॉर्मल सलाइन 0.9 टक्के, समुद्राचं पाणी साडेतीन टक्के. त्या थेंबात सागरी परजीवी फुगून फुटले असते आणि मी "काही दिसत नाही" असा रिपोर्ट दिला असता. टाकीतल्याच पाण्याचा थेंब टाकला, वर कव्हरस्लिप ठेवली आणि दहाचं लेन्स लावलं.

कल्ल्यांची पानं लालसर, कंगव्याच्या दातांसारखी दिसतात. त्या दातांमध्ये गडद राखाडी गोळे होते. मी श्वास रोखून बघत राहिले. एक गोळा हलला. जागच्या जागी, जात्यासारखा, सावकाश गरगर फिरायला लागला. मग त्याच्या शेजारचा. कडेने केसांची बारीक थरथर दिसत होती. त्याच्या आत चार मण्यांसारखं केंद्रक असतं, पण ताज्या स्लाइडवर ते दिसलं नाही, गोळा इतका गच्च भरलेला होता. एका नजरेच्या टप्प्यात अकरा मोजले. अकरा! लॅबमध्ये असा रिपोर्ट आला असता तर मी डॉक्टरांना फोन केला असता.

फिरणं महत्त्वाचं, कारण याचा एक भाऊबंद आहे, व्हेल्व्हेट. त्याचा गोळा तपकिरी-सोनेरी, लंबगोल आणि ढिम्म. माशावर तो दाणा-दाणा दिसत नाही, पिठाची बोटं पुसावीत तसा दिसतो. मी निफाडकडची, द्राक्षबागायतदाराची मुलगी, मला तर तो हुबेहूब द्राक्षांवरच्या भुरी रोगासारखा वाटतो. टॉर्च तिरका धरला तरच दिसतो. आणि तो कधीकधी दोन दिवसांत अख्खी टाकी साफ करतो. मी तो नसल्याची खात्री केली तेव्हा कुठे चहा टाकला.

त्या दिवशी लॅबला दांडी मारली. कंदील खाली उतरले, टाकी खाली आली. तिच्यात वाळू नाही, दगड नाही, शोभा नाही. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले पीव्हीसीचे एल्बो लपायला, हीटर, हवेचा पंप आणि मोठ्या टाकीच्या फिल्टरमधला जुना स्पंज. खाली थर्मोकोल. रात्री मोठ्या टाकीचं पाणी निम्मं उपसून टॉर्चच्या उजेडात तिन्ही मासे पकडले. डॅमसेलने नवऱ्याला आणि मला पाऊण तास नाचवलं. पुढे ती क्लाउनना चावायला लागली म्हणून तिला भाजी धुवायच्या प्लास्टिकच्या चाळणीत कोंडून तीच टाकीत तरंगत ठेवली.

आणि मग आप्पांचा फोन.

आप्पा, म्हणजे माझे वडील, दर बुधवारी रात्री फोन करतात. मी सांगितलं, मासे आजारी आहेत, तांब्याचं औषध सुरू करायचंय. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "तांब्याचं म्हणजे? मोरचूदच ना ते?"

मोरचूदच होतं ते. कॉपर सल्फेट. ज्याचे निळे खडे आमच्या शेडमध्ये गोणीत असायचे आणि ज्याला हात लावला म्हणून मी लहानपणी मार खाल्ला आहे. आप्पा द्राक्षांवर फवारायला एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण करतात, शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. माझ्या त्या दोन फुटी टाकीत खरं पाणी होतं 58 लिटर. टाकी बाहेरून मोजली तर 70 भरते, पण आपण काठोकाठ भरत नाही, आणि डोस पाण्याला द्यायचा असतो, काचेला नाही. साधं, सुटं तांबं लिटरला 0.2 मिलिग्रॅम ठेवायचं म्हटलं तर 58 लिटरला मोरचूद लागतं 46 मिलिग्रॅम. चिमूटभर मिठापेक्षाही कितीतरी कमी. हे सांगितल्यावर आप्पा हसले. "तेवढं तर माझ्या शर्टाला लागलेलं असतंय."

"वाळू नाही घातली ना खाली?" हे त्यांनीच विचारलं. मी चकितच झाले. त्यांनी आयुष्यात खारं पाणी पाळलेलं नाही. पण बोर्डो झालं की नाही हे ते विळ्याचं पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, आणखी चुना घाला. नाही चढला तर चुन्याने तांबं धरलं. "चुना तांबं धरतो पोरी. तुझी ती पांढरी वाळू म्हणजे चुनाच की." एवढंच ते सूत्र आहे. मोठ्या टाकीत तांबं टाकलं असतं तर वाळूने अर्धं ओढून घेतलं असतं, रोजचा डोस अंदाजपंचे झाला असता, आणि उरलेल्याने माझी कोळंबी आणि गोगलगायी मारल्या असत्या. बिनकण्याच्या जिवांना तांबं म्हणजे विषच. म्हणून मासे बाहेर काढायचे, औषध टाकीत नाही न्यायचं.

तरी मी गोणीतलं मोरचूद वापरलं नाही. शेतीच्या मालात आणखी काय काय असतं ते आपल्याला ठाऊक नाही, आणि सुट्या तांब्याची वाट फार अरुंद. 0.15 च्या खाली परजीवी हसतो, 0.25 च्या वर मासा मरायला टेकतो. मी बांधलेलं, म्हणजे किलेटेड तांबं घेतलं. त्याचं प्रमाण वेगळं, माझ्या बाटलीसाठी 2 ते 2.5 पीपीएम, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर खेळ खलास, म्हणून बाटलीवरचं वाचायचं, मित्राच्या मेसेजमधलं नाही. एकदम न टाकता तीन दिवसांत चढवत नेलं. मोजायला हॅना कंपनीचा खिशात मावणारा चेकर आहे. छोट्या कुपीत पाणी, त्यात एक पुडी भुकटी. तांबं असेल तसा जांभळा रंग चढतो आणि आकडा येतो. आप्पांचा विळा आणि माझी कुपी, दोघांचं काम तेच.

तांबं माशाच्या अंगातल्या ठिपक्याला मारत नाही. तळाच्या कवचालाही नाही. ते मारतं फक्त कवचातून निघून मासा शोधत पोहणाऱ्या पोरांना. बाकी दोन्ही घरांत परजीवी सुरक्षित असतो, औषध मधल्या गल्लीत दबा धरून उभं. म्हणून तर तीस दिवस. प्रत्येकाला कधीतरी त्या गल्लीत यावंच लागतं, पण प्रत्येकाची वेळ वेगळी. मधल्या एका दिवशी पातळी खाली घसरली तर तेवढ्यात कोणीतरी निसटतो आणि मोजणी पुन्हा सुरू. हे ठिपके गेले की औषध बंद करणाऱ्यांसाठी लिहिते आहे. मी एकेकाळची त्यातलीच.

ते तीस दिवस सांगायला फार रंजक नाहीत. खरा शत्रू परजीवी नव्हता, अमोनिया होता. एवढ्याशा पाण्यात तीन मासे, जिवाणूंची वस्ती नवखी, त्यात तांब्याने ती आणखी मंदावलेली. रोज संध्याकाळी पंधरा-वीस लिटर पाणी बदलायचं, आणि नव्या पाण्यात तेवढंच तांबं आधी घालून. अमोनिया बांधणारं द्रव सोबत घालू नका असं तांब्याच्या बाटलीवरच बजावलेलं होतं, तेव्हा तो सोपा मार्गही बंद. चौथ्या दिवशी क्लाउननी अन्न सोडलं. तांब्याने भूक मरते. पंचवीस जुलैला श्रावण लागला होता आणि माळकरी बाईच्या घरात मला कोळंबी बारीक चिरून हवी होती. शेवटी बाल्कनीत वेगळा पाट, वेगळी सुरी, वेगळा डबा आणि खाली फिनाइलचं पाणी. आई आतून ओरडल्या, "चिरतेयस ती चिर, पण दार लाव." लसणाच्या रसात बुडवलेला तुकडा मोठ्या क्लाउनने सहाव्या दिवशी घेतला. मी टाळ्या वाजवल्या. दार बंदच होतं.

त्या आधी एकदा तिघांनाही गोड्या पाण्याची आंघोळ घातली होती. तापमान आणि पीएच जुळवलेलं आरओचं पाणी, काळ्या बादलीत, पाच मिनिटं घड्याळ लावून, मी हात पाण्यातच ठेवून. काळी बादली यासाठी की कातडीवर चपट्या कृमी असतील तर गोड्या पाण्यात त्या पांढऱ्या पडून तिळासारख्या गळतात आणि दिसतात. काही गळलं नाही. तेवढाच एक संशय कमी.

मोठ्या टाकीची शिक्षा वेगळी होती. मासाच नसला की कवचातून निघालेली पोरं उपाशी मरतात, पण शेवटचं कवच फुटेपर्यंत थांबायला हवं. हौशी लोकांमध्ये यासाठी 76 दिवसांचा आकडा रूढ आहे. शहात्तर दिवस चार फुटी टाकीत एक कोळंबी आणि सहा गोगलगायी. पंप चालू, दिवा चालू, बिल चालू.

लॅबच्या सवयीने मी दोन्हीकडच्या वस्तू वेगळ्या केल्या होत्या. आजारी टाकीच्या मगाला, जाळीला, पाइपला लाल चिकटपट्टी. अकराव्या दिवशी, तीन ऑगस्टला, रविवार दुपारी जेवून आळसावलेली मी आजारी टाकीत हात घालून बाहेर आले आणि वाटेत उलटी पडलेली गोगलगाय दिसली म्हणून तोच ओला हात मोठ्या टाकीत घातला. कोपरापर्यंत. लाल पट्टी स्वतःला लावायला विसरले होते.

नवरा म्हणाला, "तांब्याच्या पाण्यातला हात होता, त्यात काय जिवंत असणार?" बरोबर असेलही. पण कंटेनरचं झाकण सैल असलेलं सॅम्पल मी रोज परत पाठवते, "बहुतेक ठीक असेल" म्हणून लावत नाही. कॅलेंडरवरचे अकरा दिवस खोडले आणि चार ऑगस्टपासून पुन्हा एक. हिशोब केला तर शहात्तरावा दिवस पडत होता अठरा ऑक्टोबरला.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं. प्रत्येक जण आरती झाली की टाकीसमोर उभा राहायचा. "मासे कुठे गेले?" "आजारी आहेत, आतल्या खोलीत आहेत." लहान मुलांना यात काहीच विचित्र वाटलं नाही. मोठ्यांना वाटलं. एका मावशींनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना घरात.

तांब्याचे तीस दिवस संपले, फिल्टरमध्ये कार्बन घालून आणि पाणी बदलून तांबं काढलं, आणि पुढचे आठ आठवडे नुसती पाळत. याच काळात आईंना सवय लागली. सकाळी हरिपाठ झाला की त्या खुर्ची ओढून दोन फुटी टाकीसमोर बसायच्या. मला वाटलं त्या बघत बसतात. एके दिवशी लॅबला निघताना हातात जपमाळ दिसली, मणी भराभर सरकत होते, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि टाकीकडे. कल्ल्याच्या एका उघडझापेला एक मणी. एक मिनिट झाला की बोट त्या मण्यावर थांबवून मेरुमण्यापासून मागे मोजायच्या. "पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की होतं, आई," मी म्हटलं. "गुणाकार तू कर," त्या म्हणाल्या, "मी मोजते." त्यांचे आकडे माझ्यापेक्षा नेटके निघाले. ते आता माझ्या वहीत त्यांच्या अक्षरात आहेत, तारखेसकट, मोठीचे, धाकट्याचे आणि "निळीचे".

सप्टेंबरच्या शेवटी धाकट्या क्लाउनचा एक डोळा धुरकटला होता. माझा हात पुन्हा औषधाकडे गेला, अँटिबायोटिककडे. डोळा एकच होता, खाणं चालू होतं, श्वास वहीतल्या आकड्याला धरून होता. चाळणीच्या कडेला घासला असणार. पाणी स्वच्छ ठेवलं, चाळणी काढली. आठ दिवसांत डोळा निवळला.

अठरा ऑक्टोबर, शनिवार. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. सकाळपासून नवरा कंदील शोधत होता. कंदील जुलैपासून माझ्या कपाटावर पडून चपटे झालेले. मी पाण्याचं तापमान जुळवलं, खारटपणा दोन्हीकडे 35 आहे ना ते रिफ्रॅक्टोमीटरवर दोनदा बघितलं आणि एकेकाला सुक्या, नव्या डब्यातून मोठ्या टाकीत सोडलं. डॅमसेल तिच्या जुन्या दगडाखाली सरळ गेली, जणू कालच निघाली होती. क्लाउन मात्र कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे. कोळंबी संध्याकाळपर्यंत त्यांच्याभोवती मिशा हलवत फिरत होती. अंधार पडल्यावर आईंनी दाराबाहेर दक्षिणेला यमदीप ठेवला, आत आल्या, खुर्ची हॉलमध्ये ओढली आणि माळ काढली.

"मोठीचे ब्याऐंशी," त्या म्हणाल्या. "लिहून घे."

दोन फुटी टाकी धुऊन, वाळवून ठेवली आहे. माळ्यावर नाही, हॉलमध्येच, शू-रॅकच्या वर. कंदील यंदा खोक्यात गेले.